कोऱ्या डिस्कला पहिला पाट

मायबापहो, बसा. मागच्या बाया, जरा पुढं सरका. माझा आवाज लहान, आणि आजची गोष्ट ओरडून सांगायचीही नाही.

आधी एक विचारते. भीतीपोटी कुणी खोटं बोललं, तर ते पाप कुणाच्या पदरात? बोलणाऱ्याच्या? बघा, लगेच माना हलल्या! बरं. मग ज्याला भिऊन ते बोललं, त्याच्या पदरात काहीच नाही?... का, आता माना का थांबल्या?

विठ्ठल, विठ्ठल! ऐका तर.

एका तालुक्याच्या गावी, दत्तमंदिराच्या आवारात एक खोली. बाहेर पाटी — रक्तमित्र मंडळ. मंडळाचे प्रमुख दिगंबरअप्पा. मनानं सोनं, पण आवाज असा की अप्पांनी 'पाणी द्या' म्हटलं तरी पोरांना वाटावं, आता छडीच मागताहेत! आणि खोलीतला संगणक सांभाळणाऱ्या कुंदाताई. गुरुवारचा उपास, दत्ताची आरती, आणि मग यादीचं काम. वीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

यादी कसली? तर 'बॉम्बे' गटाच्या रक्ताची माणसं. मंडळी, हा रक्तगट हजारो माणसांत एखाद्याचाच. आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही! साऱ्या जिल्ह्यात अशी सात माणसं शोधून मंडळानं त्यांची नावं, गावं, फोन लिहून ठेवलेले. जिल्ह्याची रक्तपेढीसुद्धा अडलं की इथंच विचारायची.

तुम्ही म्हणाल, वही नव्हती का? होती की! पण यादी संगणकात चढली, तेव्हा अप्पांनी सगळ्या वह्यांना हळदकुंकू वाहिलं, हार घातला — आणि नदीत सोडल्या! हसताय? तुमच्या घरच्या देवाच्या जुन्या तसबिरी कुठं जातात?

तर एकदा अप्पा म्हणाले, "कुंदा, जुनी हार्ड डिस्क म्हातारी झाली. उद्या बसली तर? शेजारी नवी जोडू आणि यादीची दुसरी प्रत करून ठेवू." शहाणपणाचं बोलणं! नवी डिस्क आणली. दुकानदारानं ताईंना कागदावर चित्र काढून दिलं — संगणकाचा डबा असा उघडायचा, ही तार इथं, ती तार तिथं. आणि अप्पांनी बजावलं, "नवी दुसऱ्या जागेवर लाव. जुनीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी ताईंनी डबा उघडला. आत तारेच्या दोन जागा, एक आणि दोन. जुनी डिस्क पहिल्या जागेवर. हातात ही नवी, चकचकीत. ताईंना वाईट वाटलं हो! नवं माणूस घरात आलं आणि त्याला मागं बसवायचं? आपल्यात नव्या सुनेला पहिल्या पंगतीत पहिला पाट! मग काय — जुनीची तार काढली, दुसरीकडं लावली. नवीला पहिल्या जागेवर बसवलं. डबा बंद केला. वर कुंकवाची पाच बोटं ओढली, फूल वाहिलं. तेवढ्यात आरतीची घंटा झाली. चालू करून बघायचं राहून गेलं.

आता संगणकाची रीत ऐका. जाग आली की तो पहिल्या जागेवरच्या डिस्कला विचारतो — 'सांग बाई, मी कसा उठू?' जुनीला सगळं पाठ. नवी तर कोरी! ती काय सांगणार? आणि हा संगणक असा हट्टी, की पहिलीनं तोंड उघडलं नाही तर दुसरीला विचारतच नाही. सुनेला चूल कुठं ते ठाऊक नाही, आणि सासूला बोलायची बंदी!

गुरुवारी दुपारी दारात एक तरुण येऊन उभा राहिला. अनवाणी. नाव बाळकू.

"ताई... सारजा, माझी बायको. सकाळी बाळंत झाली. रक्त थांबत नाही. डॉक्टरांनी ही चिठ्ठी दिली."

चिठ्ठीवर एकच ओळ. बॉम्बे गट. दोन पिशव्या. ताबडतोब.

ताईंनी बटण दाबलं. पंखा घुरघुरला. पडदा काळा. वर एक पांढरी इंग्रजी ओळ — सुरू करायला डिस्क सापडत नाही.

पुन्हा दाबलं. तीच ओळ. तिसऱ्यांदा. तीच!

मंडळी, काय झालं ते ताईंना पुरतं कळलं नाही, पण कुणाच्या हातून झालं, ते कळलं! पाठीमागून अप्पांचा आवाज आला, "काय झालं?"

"कळत नाही, अप्पा."

इथं पहिलं खोटं. लहानसं. तांदळात खडा असावा एवढं.

अप्पांनी बाजारातून नवनाथला बोलावलं. संगणक दुरुस्त करणारा, भला माणूस. त्यानं विचारलं, "काल-परवा काही बदल केला का, ताई? आत काही नवीन लावलं?"

अप्पा म्हणाले, "नवी डिस्क लावायची होती. लावलीस का गं?"

खोलीत सगळे ताईंकडं बघताहेत. अप्पांच्या भुवया आखडलेल्या. आणि ताईंच्या तोंडून निघालं, "नाही. अजून नाही लावली."

अरे देवा! दत्ताच्या आवारात, उपासाच्या तोंडानं!

नवनाथनं डब्याकडं पाहिलं. वर कुंकू, फूल. पूजेचा डबा कशाला उघडा, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह लावून त्यावरून संगणक उठवला आणि आत एकच डिस्क आहे असं धरून पहिल्या डिस्कमध्ये डोकावला. बराच वेळ बघत राहिला. मग खुर्ची मागं सरकवून हळूच म्हणाला,

"अप्पा, ही कोरी आहे. हिच्यात एक अक्षर नाही. यादी गेली."

यादी गेली!

अप्पा, ज्यांच्या आवाजानं भिंती हलायच्या, ते मटकन खाली बसले. बाळकूचा फोन वाजला. पलीकडं त्याची आई. आवाज खोलीभर ऐकू आला — "बाळकू, तिचे पाय गार पडलेत रे. कुणी मिळालं का?"

बाळकूनं कुंदाताईंकडं पाहिलं. रागानं नव्हे हो! देवाकडं बघावं तसं पाहिलं. सांगा, त्या नजरेसमोर कोण टिकेल?

ताईंच्या मनातली भीती म्हणते — गप्प बस! यादी तशीही गेली, कुणाला कळणार? आणि त्याच मनाला पक्कं ठाऊक — यादी गेलेली नाही! ती हातभर अंतरावर, त्याच डब्यात, दुसऱ्या जागेवर गप्प बसली आहे. माझ्यासारखीच!

"नवनाथ," ताई म्हणाल्या. "ती कोरी आहे... ती नवी आहे. मी लावली. काल. जुनीची जागा काढून तिला दिली. जुनी आत आहे. मी खोटं बोलले."

नवनाथनं फूल उचलून बाजूला ठेवलं, पेचकस काढला, डबा उघडला. नवीची तार सोडवली. जुनीची तार पहिल्या जागेवर. बटण दाबलं.

पडदा काळा...

काळाच...

आणि मग उजळला! दत्ताचं चित्र आलं, यादी आली, सात नावं आली!

पहिल्यानं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. दुसरा परराज्यात. तिसरीचा फोन लागेना. चौथा गवंडी — शेजारच्या गावात भिंत बांधत होता. म्हणाला, "हात धुतो आणि निघतो." पाचवी शाळेतली बाई. वर्ग सोडून निघाली.

सारजा वाचली, मायबापहो. काठावरून परत आली. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी मिळालं असतं तर एवढी झुंज नसती." हा अर्धा तास कुठं गेला, ते त्या खोलीतल्या चौघांनाच माहीत.

संध्याकाळी ताई अप्पांसमोर उभ्या राहिल्या. "अप्पा, मला काढून टाका. जुनीला हात लावला, हा एक गुन्हा. पण खोटं बोलले, तो मोठा."

अप्पांनी विचारलं, "का बोललीस? वीस वर्षं ओळखतो मी तुला."

"तुमची भीती वाटली."

"एका तारेपायी? मी काय केलं असतं?"

ताई म्हणाल्या, "ठाऊक नाही. वीस वर्षांत कधी चुकून बघायचा धीरच झाला नाही."

अप्पा गाभाऱ्यासमोर जाऊन बसले. आरती झाली, लोक गेले, तरी बसून राहिले. मग पुजाऱ्याला म्हणाले, "मला वाटायचं, माझ्या धाकानं इथलं काम चोख चालतं. आज माझ्या धाकापायी एक लेकरू आईविना राहिलं असतं."

कुंदाताईंना त्यांनी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सारजाला बघायला दवाखान्यात गेले. ताईंनी अर्ध्या तासासकट सगळं पुन्हा कबूल केलं आणि बाळकूची माफी मागितली. तो ऐकून उठून बाहेर गेला. त्यानं माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. मागितलेली माफी मिळतेच असं नाही, मंडळी. तरी मागायची.

आता कुंदाताईंचं पाप कुंदाताईंनी फेडलं. आपलं काय?

आज घरी जा. हातपाय धुवा, देवापुढं दिवा लावा. आणि मग घरातल्या सगळ्यात गप्प माणसाजवळ जाऊन बसा. सून असेल, लेक असेल, कामाला येणारी बाई असेल. हळू आवाजात विचारा — 'माझी भीती वाटते का गं तुला?'

ती लगेच 'नाही' म्हणेल.

तुम्ही उठू नका. बसून राहा.