थंड हवेची अट

(केळापूर. मे महिना, सकाळचे नऊ. अंगणात बॉनेट उघडलेली गाडी, तिच्यापुढे घामाघूम झालेली रुपाली. फोन स्पीकरवर, पलीकडे महिन्याभरापासून आदिलाबादला लेकीकडे असलेला जब्बार मिस्त्री. सासरे पंजाबराव कडुलिंबाखाली बाजेवर बसलेले, आणि कोणी विचारलं नसलं तरी बोलायला तयार.)

रुपाली : हवा तर जोरात येते, जब्बारभाई. पण गरम. चुलीपुढं बसल्यावानी.

जब्बार : मंग पंखा ठीक हाये भाभी, त्याले हात नाही लावायचा. आता इंजिन चालू ठेवा, एसीचं बटन दाबा अन् समोर येऊन उभ्या राहा. ओढणी हाये अंगावर?

रुपाली : हाये.

जब्बार : काढून ठेवा. पट्ट्यात गेली तर तुमालेबी ओढून नेईन आत.

पंजाबराव : मी चार हप्त्यापासून सांगून राह्यलो, गॅस उडाला त्याचा. अन् गॅस नागपूरशिवाय भरत नाही. कायले उन्हात तळून राह्यली?

रुपाली : मामाजी, नागपूरले जायसाठीच गाडी दुरुस्त पाहिजे. अन् दुरुस्तीले तुमी नागपूरच सांगता. मंग मी जाऊ कशी?

जब्बार : चाचा तिथंच हायेत का? सलाम चाचा.

पंजाबराव : जय भीम. तुया पोरीचं कसं हाये?

जब्बार : बेटा झाला तिले, परसो. दोघं बी खैरियत.

पंजाबराव : मंग नातू पाह्य ना बाप्पा. आमच्या गाडीच्या मागं कायले लागला? तू इकडं आला का पाहू निवांत.

रुपाली : निवांत नाही, मामाजी. आज चारच्या आत नागपूरच्या दवाखान्यात नोकरीवर हजर व्हायचं हाये. दोनदा तारीख वाढवून दिली त्यायनं. काल मेट्रननं साफ सांगितलं, उद्या नाही आली तर दुसरीले घेतो.

जब्बार : भाभी, खाली पाहा. पट्टा दिसते? त्याच्यावरचं सगळ्यात खालचं चाक, ते कंप्रेसरचं. त्याच्या तोंडाले एक गोल थाळी हाये. एसी चालू झाला का थाळी टक् करून चाकाले चिकटते अन् त्याच्यासंगं फिरते. पाहा, फिरते का?

रुपाली : चाक फिरते. थाळी जागची हालत नाही.

जब्बार : टक् आवाज?

रुपाली : नाही आला. बटन दोनदा दाबून पाह्यलं.

जब्बार : म्हणजे कंप्रेसर कामावर आलाच नाही. एक तर गॅस नसन, नाही तर त्याले करंट भेटत नसन. पयले करंट पाहू, ते घरच्या घरी होते. इंजिन बंद करा.

पंजाबराव : करंट-बिरंट काही नाही. तीस वर्षं डेपोत इंजिनं उघडली मी. आवाजावरून समजते मले.

जब्बार : चाचा, तुमच्या लाल डब्यात एसी कुठं होता?

पंजाबराव : जास्त शायना नको बनू.

रुपाली : बंद केलं इंजिन. पुढं?

जब्बार : बॅटरीच्या बाजूले काळा डबा हाये, त्याचं झाकण उघडा. झाकणाच्या आतून नकाशा असन, कोणता फ्यूज कायचा ते.

रुपाली : थांबा... हा एसीचा. चिमट्यानं काढते. तार साबूत हाये आतली.

जब्बार : वा. लावून द्या परत. ज्या हाताले शीर सापडते, त्याले फ्यूज काय चीज हाये.

पंजाबराव : हळू बोला, पायल उठन. रातभर गर्मीनं तळमळली पोरगी, आता कुठं डोळा लागला तिचा. रुपाली, मी काय म्हणतो, दहाची बस अजून भेटते तुले. तू हो पुढं. पायलले राहू दे माया जवळ. गाडी थंडी झाली का मीच आणून देतो.

रुपाली : हेच. चार हप्ते हेच आयकून राह्यली मी.

पंजाबराव : चुकीचं काय बोललो? मागच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या रस्त्यानं याच गाडीत पोरीनं डोळे फिरवले होते. इसरली का?

रुपाली : मी कशी इसरन? मायाच मांडीवर होती ती. अन् तवा तुमी माया कडून कबूल करून घेतलं, थंडी हवा असल्याशिवाय पोरीले उन्हाळ्यात रस्त्यावर काढायचं नाही. मी हो म्हणली. ते माया गळ्यातच पडलं. एकटी निघू शकते, पण पायलले सोडून माया पाय उचलत नाही. अन् पायलले घेते म्हणलं का गाडी गरम. मामाजी, मले दावणीले बांधल्यासारखं झालं या अंगणात.

पंजाबराव : मी बांधलं तुले? नोकरी नको करू म्हणलं कधी?

रुपाली : नाही म्हणलं. म्हणले असते तर भांडली तरी असती मी. भांडाले माणूसच सापडत नाही मले. समोर ही गाडी, अन् ती बोलत नाही.

जब्बार : भाभी... मी नंतर फोन करू का?

रुपाली : नाही. फोन ठेवू नका, जब्बारभाई. पुढं सांगा.

जब्बार : बरं. त्याच डब्यात चौकोनी डब्या हायेत, काडेपेटीच्या अर्ध्या. रिले म्हणते त्याले. आपण बटन दाबलं का तीच करंट सोडते कंप्रेसरले. नकाशात पाहून एसीची काढा. सरळ वर खेचा. तिच्यावर लाल रंगाचा ठिपका असन. मागच्या साली पायल बिमार पडली तवा मीच नवी बसवलती, अन् माया हातची नवी चीज असली का मी ठिपका लावतो.

रुपाली : निघाली. पण ठिपका नाही.

जब्बार : ऑइलनं पुसला असन. काळीच हाये ना?

रुपाली : राखाडी हाये.

जब्बार : राखाडी? उलटी करा जरा. खाली पाय हायेत, पितळेचे.

रुपाली : एक पाय काळा पडला. जळलेला दिसते... जब्बारभाई? आवाज येते का?

जब्बार : येते. येते ना. भाभी, ती बाजूले ठेवा. तिच्या शेजारी हॉर्नची रिले हाये, एकाच मापाची. ती काढा, एसीच्या जागी दाबून बसवा अन् गाडी चालू करा.

पंजाबराव : हॉर्नचं कायले काढता? एक बिघडलं ते बिघडलं, दुसरंही बिघडवून ठेवसान.

रुपाली : बसली. चालू करते.

जब्बार : बटन दाबा.

रुपाली : टक् झालं! जब्बारभाई, टक् झालं! थाळी फिरून राह्यली!

जब्बार : आत बसा. जाळीले हात लावा.

रुपाली : थंडी हाये... बोटं गार पडून राह्यली माही. एवढ्याशा डबीसाठी महिना गेला माया.

जब्बार : मुबारक भाभी. आता जा तुमी. हॉर्न वाजणार नाही, तेवढं सांभाळून.

रुपाली : थांबा. तुमी नवी बसवली म्हणता, मंग ही जळकी कुठून आली?

जब्बार : जाऊ द्या ना. काम झालं.

रुपाली : तुमी जुनी फेकून दिली असन ना?

जब्बार : मी फेकत नाही, भाभी. काढलेली जुनी चीज गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, माया अब्बाचा कायदा हाये. मिस्त्रीनं बदललीच नाही, असा शक नको राहाले कोणाच्या मनात.

रुपाली : माया हातात नाही दिली तुमी. मी तवा दवाखान्यात होती पायलपाशी.

जब्बार : हो. तुमी नव्हत्या... भाभी, आत बच्चा रडून राह्यला, मी ठेवतो. चाचा, मले माफ करजा.

रुपाली : मामाजी.

पंजाबराव : आयकून राह्यलो.

रुपाली : जब्बारभाईचा फोन लागत नाही म्हणून सांगत होते तुमी मले. महिनाभर. आज मी लावला, तर पयल्या घंटीले उचलला त्यायनं.

पंजाबराव : हो.

रुपाली : नवी कुठं हाये?

पंजाबराव : बंडीच्या खिशात.

रुपाली : केव्हा काढली?

पंजाबराव : तुयं पत्र आलं त्याच दिवशी. तू मोहल्ल्यात पेढे वाटाले गेलती.

रुपाली : तीस वर्षं लोकायच्या गाड्या रस्त्यावर आणल्या तुमी.

पंजाबराव : मले वाटलं, एक हप्ता. एक हप्ता अजून राहीन पोरगी घरात, मंग लावून देऊ, कोणाले समजन? हप्ता सरला का वाटे, अजून एक. एक दिवस लावाले बसलोही होतो. बॉनेट उघडलं, तर पायल येऊन बसली बाजूले. म्हणे, आबा, मले पाना धरू द्या. बंद केलं परत.

रुपाली : मले बोलाचं होतं, मामाजी.

पंजाबराव : काय बोललो असतो? जाऊ नको? नर्सिंगले तुले मीच पाठवलं, माया पोटचा धम्मरत्न नाही म्हणत होता तरी. आता तो गेला, त्याच्या आधी तुयी सासू गेली. तू अन् पायल गेली का या घरात मले हाक मारणारं कोणी नाही. पण विधवा सुनेले कोंडून ठेवते, असं गावानं म्हणलं असतं. मले माया तोंडानं नाही म्हणता येत नव्हतं अन् जा म्हणाले जीभ वळत नव्हती. मीही अडकलो, रुपाली.

रुपाली : मी रात्री रडत होती. तुमी इथंच या बाजेवर राहत होते. आयकू येत होतं?

पंजाबराव : येत होतं.

रुपाली : सगळं?

पंजाबराव : सगळं.

रुपाली : मले लय राग आला तुमचा. आता काही विचारू नका. हा राग लवकर जाणार नाही.

पंजाबराव : नको जाऊ दे. ही घे डबी. नाही... दे, मीच बसवतो. हायवेवर ट्रकवाले हॉर्नशिवाय बाजू देत नाहीत.

रुपाली : तिथं नर्सेसच्या क्वार्टरमध्ये एकच खोली हाये. पुरुष माणसाले राहू देत नाहीत. नाही तर...

पंजाबराव : माहीत हाये मले. मी विचारलं होतं तिथं फोन लावून, गंमत म्हणून. हे पाह्य, बसली. वाजवून पाह्य... नको, पायल उठन.

रुपाली : साडेनऊ झाले. तिले आणा.

पंजाबराव : मी?

रुपाली : मी उचलली तर जागी होईन, अन् आबा कुठं म्हणून रडन. तुमी आणा. तुमच्या हातानं ठेवा सीटवर.

पंजाबराव : ... निजलेलीच आणतो. सरक. दार धर. हळू. तिच्या मानेखाली तुयी ओढणी घाल. हां.

रुपाली : रोज फोन करन ती. संध्याकाळी.

पंजाबराव : बरं.

रुपाली : मामाजी, काही तरी बोला.

पंजाबराव : काच वर घे. थंडी बाहेर जाऊन राह्यली.