दोन र

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर एक मुलगी बाकावर बसली होती. पर्यावरणातल्या बदलांवर इटालियनमध्ये बोलता आलं, तरच हिमनद्या मोजणाऱ्या गटात तिला जागा मिळणार होती. शेजारी परीक्षेलाच आलेली एक भाची आणि तिचे स्कूटर दुरुस्त करणारे मामा चिठ्ठ्या घेऊन उजळणी करत होते.

“हरितगृह परिणाम?”

“एफेत्तो सेरा.”

“चूक.”

“मामा, तुम्हाला कधीपासून इटालियन यायला लागलं?”

“येत नाही गं. पण तुझ्याच चिठ्ठीत ‘सेर्रा’ लिहिलंय. दोन र.”

“एका र नं काय बिघडतं?”

“मग नुसतं ‘सेरा’ म्हणजे काय?”

“...संध्याकाळ.”

“म्हणजे संध्याकाळमुळे पृथ्वी तापतेय, असं सांगणार तू परीक्षक बाईंना?”

“हसू नका हो! जीभच वळत नाही.”

“हे बघ, स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली तर संध्याकाळ. घरघरली तर हरितगृह. हं, मार किक.”

“सेर्र्र्रा!”

“इतकी नको, गॅरेजला आणावी लागेल.”

बाकावरच्या मुलीने हळूच आपली वही उघडली. तिच्या सुबक अक्षरात तो शब्द सात ठिकाणी होता आणि सातही ठिकाणी एकच र होता. तिने पेन काढलं. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली, ती थेट त्यांच्यासमोरच.

“मामा, घरघरली! मला जागा मिळाली. तुमचे फार फार आभार.”

“अगं, पण तुझी स्कूटर मी कधी दुरुस्त केली?”