गॅरेज त्यांचं, रंग माझे

(जळगावच्या सिंधूअक्कांनी सांगितलं, तसं लिहून घेतलेलं)

माझं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, आणि माझा बाप दुसऱ्याच्या बागेत केळीचे घड कापायचा, त्यामुळे मला रंग कळायला लागले ते तिथे, शाळेत नाही. काय सांगू तुम्हाला, तुम्हाला सगळी कच्ची केळी हिरवीच दिसतील, पण एक हिरवा काळपट असतो, तो घड अजून आठ दिवस राहू द्यायचा, आणि एक हिरवा जरा उजळतो, पिवळा यायला अजून वेळ असतो पण त्याची चाहूल लागते, तो घड आज कापायचा. बापाची नजर पुढे अधू झाली, मग तो मला पुढे चालवायचा, सांग सिंधू, हा कापू? मी म्हणायची, हा नको, त्याच्या मागचा. माझ्या बोटावर त्याचा भरवसा होता.

मग लग्न झालं आणि मी इथे जळगावात आले. आमच्या ह्यांना सगळे भास्करभाऊ म्हणतात. मूळचे धुळ्याकडचे, तिथे मामाच्या हाताखाली ट्रक रंगवायला शिकले आणि मग इथे नशिराबादच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग सुरू केलं. हात फार साफ. ठोकून पत्रा सरळ करायचे, त्यावर लांबी भरायची, म्हणजे ते मलमासारखं असतं ना, खड्डा बुजवायचं, ते घासून असं गुळगुळीत करायचे की डोळे मिटून हात फिरवला तर ठोकर कुठे लागली होती ते सापडू नये.

लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी बापाने दिलेली हिरवी साडी नेसले होते, चांगली पोपटी हिरवी, आणि हे म्हणाले, ही मातकट साडी कशाला नेसतेस, दुसरी नाही का? मी मोरीत जाऊन रडले. मला वाटलं माझ्या बापाची गरिबी काढली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्याले साडीमधलं काय समजस, तू नेस. मीही सोडून दिलं.

त्या वेळी रस्त्यावरच्या मोटारी म्हणजे काय, बहुतेक पांढऱ्या. पांढरी गाडी, रंगाचा पांढरा डबा, पांढरा दरवाजा, संपलं. ट्रकवाल्यांचे डबे असायचे पण त्यावर नाव लिहिलेलं, वाचलं आणि मारलं. मग रंगीत गाड्या यायला लागल्या. एकदा मी दुपारचा डबा घेऊन शेडवर गेले, तर एका वकिलांची जीप उभी, काळपट हिरवी, बाटलीसारखी, आणि तिचं पुढचं मडगार्ड ह्यांनी नुकतंच मारलेलं, इतकं चकचकीत, आणि कॉफीच्या रंगाचं. मी हसलेच. म्हटलं, हे वकीलसाहेबांनी सांगितलंय का असं करायला? ह्यांनी विचारलं, कसं? मी म्हटलं, जीप हिरवी आणि मडगार्ड कॉफी. डब्यावरचं नाव थिनरने पुसलं गेलं होतं, तो डबा हे उचलून बघत राहिले. मग हळूच मला विचारतात, तुले दोन येगळे दिसतस? मी म्हटलं, आंधळ्यालाही दिसतील. बोलून गेले बाई, आणि त्यांचा चेहरा बघितला आणि मला माझी पोपटी साडी आठवली.

ते म्हणाले, माले बठ्ठं सारखंच दिसस. लाल, हिरवा, तपकिरी, बठ्ठं मातीनंमातीच. आणि मग म्हणाले, कोनले सांगजो नको. रंगवाल्याला रंग दिसत नाही असं बाजारात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. आम्ही दोघांनी बसून ते मडगार्ड पाणीपेपरने घासलं, माझ्या बांगड्यांत तो कॉफीचा चिखल गेला, आणि मी पत्र्याच्या तुकड्यावर हिरव्यात थोडा काळा, चिमूटभर पिवळा, असं करून करून रंग जुळवला. वकील आले, फिरून फिरून बघितलं, म्हणाले, भाऊ, कोणतं मडगार्ड रंगवलं तेच सापडत नाही. हे नुसते हसले. माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी डबा घेऊन जायची. लोकांना वाटायचं काय नवऱ्याची काळजी आहे. पण गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं असायचं, त्याच्यासमोर कसं सांगणार? मग आमचं ठरलं. हे पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून उन्हात ठेवायचे आणि जेवायला बसायचे. पहिला घास घेऊन विचारायचे, आज भाजी कशी झाली? मी तुकडा बघून सांगायची, तिखट कमी पडलं. म्हणजे लाल वाढवा. हळद जास्त झाली, म्हणजे पिवळा फार झाला. मीठ म्हणजे पांढरा, काळा मसाला म्हणजे काळा, कोथिंबीर म्हणजे हिरवा. डब्यांवर नावं मोठ्या अक्षरात मीच लिहून ठेवली होती. एकदा एक चाळीसगावचा व्यापारी मला म्हणाला, अक्का, रोज तुमची भाजी बिघडते तरी कशी? हे पटकन म्हणाले, बिघडते खरी, पण मी सवय करून घेतली. मेला काय हसला तो! आणि आमच्या सासूबाई एकदा शेडवर आल्या, त्यांनी हे ऐकलं, तर घरी येऊन त्यांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली, मना पोऱ्याले धड खावाले भेटत नही म्हणे. आठ दिवस त्यांनीच स्वयंपाक केला. मी काय सांगणार?

माझी पोरगी वैशाली, ती ह्याच शेडमध्ये टेबलावर अभ्यास करत मोठी झाली. तीसुद्धा म्हणायची, आई, तू एक दिवस तरी मीठ बरोबर घाल ना.

ह्यांचं नाव झालं. धुळ्याहून, चोपड्याहून गाड्या यायच्या, भास्करभाऊंचा डोळा म्हणायचे लोक. एका वर्षी सगळ्या गॅरेजवाल्यांनी मिळून ह्यांचा सत्कार केला, शाल-नारळ दिलं, भाषणात सांगितलं की अशी रंगाची पारख सगळ्या खानदेशात नाही. मी बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. घरी आल्यावर त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि विचारलं, कोनता रंग शे? मी म्हटलं, लाल. ते म्हणाले, तुले शोभस. त्यांना तीही मातीचीच दिसत होती, पण ती शाल मी अजून कोणाला देत नाही.

पुढे कॉम्प्युटर आला. गाडीवर एक नंबर असतो, तो दुकानात सांगितला की मशीन रंग बनवून देतं. हे मला म्हणाले, चला, तुझी सुटका झाली. पण मशीन देतं तो कोऱ्या गाडीचा रंग. आमच्याकडे ऊन काय असतं तुम्हाला माहीत आहे, चार उन्हाळे उघड्यावर काढलेली लाल गाडी लाल राहत नाही. पेट्रोल टाकायचं झाकण उघडून आत बघा, तिथे ऊन पोचत नाही, तिथे खरा रंग असतो, आणि बाहेरचा बघा, बहीण-भाऊ वाटतील पण जुळे नाहीत. मशीनचा रंग मारला की दरवाजा नवा आणि गाडी जुनी. तेव्हा पुन्हा माझी भाजी.

आता शेड बंद करून तीन वर्षं झाली. ह्यांच्या छातीत रंग बसला, डॉक्टर म्हणाले रंग फवारायची गन हातात धरायची नाही. पण गल्लीतल्या लोकांच्या गाड्यांचे ओरखडे अंगणात बसून करतात. आधी नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर नुसतं पॉलिश, अडकलं तर आगकाडीच्या टोकाने थेंब थेंब रंग भरायचा, एक थेंब वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की फोड येतो.

तर मागच्या दिवाळीच्या आधी वैशालीने गाडी घ्यायचं ठरवलं. ती धुळ्याला शिक्षिका आहे, जावईही तिकडेच. आम्हा दोघांना शोरूममध्ये घेऊन गेली, जावईही सोबत होते, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, रंग पप्पा सांगणार, ह्यांच्यासारखा डोळा कोणाचा नाही. त्या विकणाऱ्या पोरीने सगळे रंग पुढे मांडले, लाल, राखाडी, हिरवट, कॉफी, निळा, पांढरा. हे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीने तोंड उघडलं, म्हटलं, आज डब्यात... तर ह्यांनी हात वर केला. राहू दे, म्हणाले. आणि म्हणाले, पोरी, माले रंग दिसत नहीत. कधीच दिसत नव्हते. ते बठ्ठं तुनी मायनं काम.

जावयांना वाटलं चेष्टा चाललीय, ते हसले. वैशाली हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, आई, मग ती भाजी? मी म्हटलं, भाजी चांगलीच व्हायची गं. आणि मग मला रडू आलं, त्या शोरूममध्ये, एवढ्या थंड हवेत, आणि ती विकणारी पोरगी बिचारी पाणी घेऊन आली.

वैशालीने डोळे पुसले आणि म्हणाली, मग तू सांग. इतक्या वर्षांत मला असं उघड कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, लाल आपल्या उन्हात विटतो, काळ्यावर बोट फिरवलं तरी रेघ दिसते, पांढरा बरा, सगळ्यात सोपा. पण मनातून मला लालच आवडला होता. तरी मी निळ्यावर बोट ठेवलं. ह्यांच्याकडे बघून विचारलं, हा दिसतो ना? त्यांनी मान डोलावली. निळा त्यांना पहिल्यापासून दिसतो, अगदी तुमच्या-माझ्यासारखा. पन्नास रंग आम्ही एका संसारात केले, काळा-पांढरा सोडला तर त्यातला तो एवढाच दोघांनी सोबत बघितलेला.

दर रविवारी गाडी येते, तीच ही, लिंबाखाली उभी आहे. मागच्या महिन्यात वैशालीने फाटकाला घासली. मी म्हटलं, आणा, जुळवते. ह्यांनी ऐकलं नाही. स्वतः वाटीत निळा घेतला, त्यात पांढरा, जरासा काळा, तुकड्यावर मारून उन्हात वाळवला, दोन दिवस तेच चाललं होतं, आणि आगकाडीने थेंब थेंब भरला. मला हाक मारली. विचारलं, भाजी कशी झाली? मी वाकून बघितलं. केसभर जास्त गडद झाला होता. मी म्हटलं, झकास झाली, काहीच कमी नाही.

तुम्ही जाताना बघा, डाव्या दरवाज्याच्या मुठीखाली. तुम्हाला सापडायचा नाही तो ठिपका, वैशालीलाही सापडत नाही. मला दिसतो. देव करो आणि माझे डोळे आहेत तोवर दर रविवारी दिसो.