गळती बंद केल्याबद्दल तक्रार

नाव थोर्डिस एयोल्फसन, वय ७१, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे, आता काही नाही, राहणार रिव्हर्टन, मॅनिटोबा. आज रविवारी दुपारी ठाण्यात बसून, कॉन्स्टेबल ओकेमाव यांनी विचारल्यावरून, माझ्या तोंडाने सांगते ते असे. मला तक्रारदार म्हणून आणलं आहे की आरोपी म्हणून, हे मी आल्या आल्या विचारलं. कॉन्स्टेबल म्हणाल्या, "बोलता बोलता कळेल, मिसेस एयोल्फसन." मला अजून कळलेलं नाही.

माझ्याकडे फायबरचा एक जुना ट्रेलर आहे, गाडीमागे जोडून न्यायचा, आत दोघं झोपतील एवढा. एक मोठा वाडगा सुलटा, त्यावर दुसरा पालथा, आणि दोन्ही कमरेशी जोडलेले, असा त्याचा आकार. खाली पिवळा, वर पांढरा. माझा नवरा बाल्दुर, धंदा मासेमारी, गेल्या नोव्हेंबरात वारला. ट्रेलरचं सगळं तोच बघायचा. सडलेली तळाची फळी त्याने बदलली, चाकांचा आस बदलला, खिडक्यांची रबरं बदलली, दर वसंतात वरचं टरफल धुऊन मेणाने घासलं. फक्त एक गळती त्याला सापडली नाही. ती पलंगाच्या डोक्याशी, नेमकी माझ्या बाजूला. तिथे आम्ही आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवत असू. वीसेक वर्षं ठेवला.

गळती शोधायची पद्धत कॉन्स्टेबलना माहीत नव्हती, म्हणून नमूद करते. एकाने आत बॅटरी घेऊन छताकडे बघत बसायचं. दुसऱ्याने बाहेरून पाण्याचा पाइप धरायचा, तळापासून हळूहळू वर जायचं आणि विचारत राहायचं. आत मी बसायची. बर्फ वितळला की एक अख्खा दिवस यात जायचा. बाल्दुर बाहेरून विचारायचा, "आलं का?" मी आतून म्हणायची, "नाही." पावसात हमखास गळायचं, पाइपाने कधीच नाही. मी म्हणायची, हे कसं काय? तो म्हणायचा, "पाऊस वाकडा येतो."

बाल्दुर हा न बोलणारा माणूस होता. घरात 'हूं'च्या पुढे त्याची गाडी जात नसे. मी बसमधल्या पोरांची गाऱ्हाणी सांगावी, त्याने वाळवलेल्या माशाला लोणी फासत 'हूं' म्हणावं. या एका दिवशी मात्र त्याला कुठून कंठ फुटायचा कोण जाणे. मध्ये फायबरची भिंत आणि हातात पाइप असला की तो बोलत सुटायचा. हे त्या वेळी मला विशेष वाटलं नव्हतं. माझं सगळं लक्ष छताकडे असायचं.

दर उन्हाळ्यात तळ्याकाठी अशा ट्रेलरवाल्यांचा मेळा भरतो. यंदा मी तिथे एकटी गेले, ते ट्रेलर विकायला. काचेत 'विकणे आहे' अशी पाटी लावली. चाकाचं काही बिघडलं तर मला निस्तरता येणार नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे तो रिकामा पलंग मला बघवत नाही. हे कारण पाटीवर लिहिलं नाही.

मेळ्यातल्या शनिवारी सगळ्यांची दारं सताड उघडी ठेवायचा रिवाज आहे. कोणीही कोणाच्याही ट्रेलरमध्ये शिरावं, गादी उचलावी, नळाखाली डोकं घालावं, कोणी काय नवं बसवलं ते बघावं. परवानगी कोणी मागत नाही. मालक त्या वेळी आपल्या ट्रेलरमध्ये नसतोच, तो दुसऱ्याच्या पलंगाखाली असतो. मीही पाच-सहा ठिकाणी वाकून आले आणि नंतर जेवणाच्या मांडवात केक कापत बसले.

शनिवारी सकाळी शेजारच्या जागेवरचा ट्रेंट नावाचा इसम माझ्याकडे आला होता. राहणार कॅल्गरी, मेळ्यात पहिल्यांदाच. त्याच्या ट्रेलरवर सौर पॅनेल आहे, आत रंग बदलणारे दिवे आहेत, फ्रीज तर माझ्या घरातल्यापेक्षा चांगला. त्याला त्याच्या बहिणीसाठी ट्रेलर हवा होता. मी गळतीचं लपवलं नाही, डबाच दाखवला. तो हसून म्हणाला, "एवढंच ना मॅडम? सिलिकॉनची एक नळी फासा. पाच मिनिटांचं काम." आणि खिशातून नळी काढलीसुद्धा. आमच्यात फायबरवर सिलिकॉन फासणं म्हणजे देवळात बूट घालून नाचणं. एकदा लागलं की त्या जागेवर पुन्हा काही चिकटत नाही, रंगही धरत नाही. मी त्याला सांगितलं, "ती नळी खिशात घाल, नाहीतर तुझ्याच नाकात फाशीन." हे शब्द मी वापरले, कबूल आहे.

आज सकाळी न्याहारीच्या सुमारास जोराचा पाऊस आला. मी सवयीने डबा ठेवला आणि वाट बघत बसले. थेंब आला नाही. पाऊस वाढला, तरी नाही. वीस वर्षं त्या टपटपीला मी शिव्या घातल्या, आणि आज ती येईना तर मला बसवेना. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. पावसातच स्टूल घेऊन बाहेर गेले आणि छत बघितलं. हवेच्या झडपेजवळच्या एका रिव्हेटची, म्हणजे फायबरमध्ये आरपार ठोकलेल्या खिळ्याची, टोपी नवी कोरी, पांढरीशुभ्र होती. बाकी सगळ्या पिवळ्या पडलेल्या आहेत.

माझं डोकं फिरलं. ट्रेंट निघायच्या तयारीत होता, ट्रेलर गाडीला जोडत होता. मी त्याच्या जोडाची पिन काढून कोटाच्या खिशात टाकली आणि त्याच्या जोडदांड्यावर ठाण मांडलं. तो म्हणाला, "अहो मॅडम, झालं काय?" मी म्हटलं, "माझी गळती तू बंद केलीस!" तो बिचारा चक्रावला. "बंद झाली? मग चांगलंच झालं की!" मी म्हटलं, "ती बंद करणारा तू कोण?" त्याने पोलिसांना फोन केला. त्यानंतर छत्री आणून ती माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला, स्वतः भिजत. हे त्याच्या बाजूने लिहावं.

कॉन्स्टेबल ओकेमाव आल्या. त्यांनी विचारलं, "काय चोरीला गेलंय?" मी म्हटलं, काही नाही. "काय मोडलंय?" काही नाही, दुरुस्त झालंय. त्यांनी लिहिणं थांबवलं. तेवढ्यात कॅली आला. कॅली म्हणजे बाल्दुरचा जोडीदार, दोघांनी उभं आयुष्य एकाच बोटीवर मासे धरले; त्याचाही ट्रेलर मेळ्यात असतो.

कॅली म्हणाला, "थोर्डिस, ऊठ तिथून. त्या पोराने काही केलं नाही. मी केलं."

"सिलिकॉन?" मी विचारलं.

"माझी अक्कल गहाण पडलीय का? जुनं रिव्हेट काढलं, खाली चिकट पट्टी घातली, नवं ठोकलं, वर टोपी. काल, तू केक कापत होतीस तेव्हा."

"आणि तुला नेमकं तेच रिव्हेट कसं कळलं? बाल्दुरला वीस वर्षं सापडलं नाही!"

कॅली बुटांकडे बघायला लागला. "दुसऱ्याच वर्षी सापडलं होतं त्याला. इस्पितळात मला सांगितलं. म्हणाला, झडपेजवळचं ते बंद कर. मी नसताना तिच्या उशीवर पाणी नको. आणि तिला बोलू नकोस."

"सापडलं होतं, तर मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आत बसली असतीस का?"

इथे मी जोडदांड्यावरून उठले, असं कॉन्स्टेबलनी लिहिलं आहे. ते खरं आहे.

म्हणजे इतकी वर्षं तो पाइप सगळीकडे फिरवायचा, फक्त त्या एका रिव्हेटवर न्यायचा नाही. मला राग आला आहे. लबाड माणूस! वीस वर्षं माझी उशी ओली केली. आणि दुसरीकडे, बाहेर उभा राहून तो काय काय बोलायचा ते आता मला एकेक आठवतं आहे. त्याची आई मरताना तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होता आणि पोहोचला नाही, हे त्याने भिंतीपलीकडून सांगितलं. मी केस कापले ते त्याला आवडले होते, हेही तिथूनच. एकदा म्हणाला, तळ्यावरचा बर्फ फुटला आणि गाडी खाली जायला लागली तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव आलं. मग म्हणाला, "आलं का?" मी बॅटरी छतावर धरून म्हटलं, "नाही. इथे कोरडंच आहे."

दार दोन पावलांवर होतं. मी एकदाही उघडलं नाही.

कॉन्स्टेबलनी विचारलं की तक्रार कोणाविरुद्ध लिहायची. मी म्हटलं, बाल्दुर एयोल्फसन, राहणार रिव्हर्टनची दफनभूमी. त्या म्हणाल्या, तसं लिहिता येत नाही. मग मी तक्रार मागे घेते. ट्रेंटची पिन त्याला परत दिली आहे, माफीही मागितली आहे. तो म्हणाला, "मॅडम, मला अजून काही समजलेलं नाही." मी म्हटलं, मलाही नाही. ट्रेलर त्याच्या बहिणीला मिळणार नाही, हेही त्याला सांगितलं.

कॅलीने विचारलं, रिव्हेट पुन्हा काढू का. मी नको म्हटलं. बाल्दुरला माझी उशी कोरडी हवी होती, तर राहू दे कोरडी. काचेतली पाटी मी येताना काढली. चाकांचं कॅली शिकवणार आहे, टरफल मी स्वतः घाशीन. पुढच्या वसंतात बर्फ वितळला की पाइपही मीच धरणार आहे. आत कोणी नसेल. तरी तळापासून हळूहळू वर पाणी सोडत जाईन आणि माझं जे सांगायचं राहिलंय ते सांगेन. मध्ये मध्ये विचारीन, आलं का.

वरचा मजकूर कॉन्स्टेबल ओकेमाव यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांना थांबावं लागलं. मी बोलले तसाच तो आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. तक्रारदार की आरोपी, ती जागा कोरी ठेवून सही करते.

थोर्डिस एयोल्फसन