सोनेरी मांडव आणि चिमण्या

लग्नाच्या थीमचं विचारलंत म्हणून सांगते. आमच्या प्रियाला मांडवात सगळं सोनेरी हवं होतं. सुकलेल्या सोनेरी गवताच्या झालरींचे फोटो तिने मोबाईलवर शोधून ठेवले होते. गोंदियाचा डेकोरेशनवाला म्हणाला, "दीदी, ये माल बाहर से आएगा, टाइम लगेगा." आणि लग्नाला चारच दिवस उरले होते.

तिच्या बाबांनी फोटो पाहिला. "हे गवत कायले पाहिजे? आपला धान याच्याहून पिवळा आहे!"

आमच्याकडे नवा धान आला की लोंब्यांची झालर विणून पाखरांसाठी दाराला टांगतात. मग काय, आम्ही बायकांनी दोन दिवस बसून स्टेजभर झालरी विणल्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडव असा झळकत होता, की प्रिया फोटो काढून थकेना.

लग्नाच्या सकाळी पाहते तर गावभरच्या चिमण्या स्टेजवर! दाणे साफ, नुसत्या काड्या लोंबत होत्या. झालर कोणासाठी असते, हेच आम्ही सगळ्याजणी विसरलो होतो. तेवढ्यात वऱ्हाडही दारात आलं. प्रिया रडायलाच लागली, "आई, सासरचे काय म्हणतील?"

वऱ्हाडात सगळ्यांत पुढे नवरदेवाची आजी होती. तिने काड्या पाहिल्या, चिमण्या पाहिल्या आणि प्रियाचे डोळे पुसत म्हणाली, "काऊन रडून राहिली, माय? तुयी पहिली पंगत तं जेवून उठली. आता आमाले वाढा!"