हलायचं नाही

— नाही हो दादा, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो काही ह्या कॉम्प्युटरमुळे नाही. म्हणजे ह्याचंही आहेच, त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं, पण ते वेगळं — ते तुम्हाला कशाला सांगत बसू. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, ही घ्या. आणि जरा बघून पाय ठेवा, टेबलाखाली माणूस राहतं. गुंडी, काकांना वाट दे बघू. — मुलगी माझी. शाळेच्या दाखल्यावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण जन्मली तेव्हा इतकीशी होती की हिचे बाबा म्हणाले, ही तर शर्टाची गुंडी — तेच चिकटलं. आज शाळेत नाही पाठवली. नाही नाही, बरी आहे. ताप नाही, खोकला नाही, सकाळी नीट जेवली — मीच सारखी कपाळाला हात लावून बघतेय, तर शेवटी म्हणाली, आई, माझं कपाळ झिजेल. म्हणजे बुद्धी शाबूत आहे. आहे ना? तसंच वाटतं.

तर ह्याचं काय होतं, सांगते. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते — ही पाटी, हे पेन, इथे रेघ ओढली की तिथे पडद्यावर उमटते. तर काढता काढता मध्येच हे सॉफ्टवेअर गोठतं. गोठतं म्हणजे बाण जागच्या जागी, रेघ अर्ध्यावर, कुठलंही बटण दाबा, हूं नाही की चूं नाही. कधी थोड्या वेळाने आपलं आपण शुद्धीवर येतं, जसं काही घडलंच नाही. आणि कधी सगळं मिटतं आणि एक चौकट येते — अनपेक्षित कारणाने बंद झाले, क्षमस्व. आता रोज होणाऱ्या गोष्टीत अनपेक्षित ते काय राहिलं, तुम्हीच सांगा. आणि क्षमेच्या खाली बटण एकच — ठीक आहे. ठीक नाही म्हणायची सोयच नाही. लग्नात असतं तसं.

कधीपासून? — बघा, तुम्हीही तेच विचारलंत. कधीपासून, किती वेळ टिकतं, त्याआधी काय चाललेलं असतं. काल तिनेही हेच विचारलं, त्या दवाखान्यातल्या फोनवरच्या बाईने, अगदी ह्याच क्रमाने — जाऊ दे. मी कॉम्प्युटरचं सांगते. उन्हाळ्यापासून. म्हणजे ह्या मुखपृष्ठाचं काम आलं तेव्हापासून.

उपाय ना? सगळे झाले. आधी दिराला फोन केला — आमच्या घरातले कॉम्प्युटरचे वैद्य तेच. ते म्हणाले, वहिनी, बंद करून परत चालू करा. केलं. मग म्हणाले, आता परत करा. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला, मग नव्याने बिघडलं म्हणून जुना घातला. रॅम वाढवली. पंखा साफ केला — तुम्हाला खोटं वाटेल, आतून गुंडीच्या दुधाचा दात निघाला, तो तिथे कसा गेला देव जाणे. सॉफ्टवेअर काढून टाकलं, परत घातलं. मग इंटरनेटवर शोधलं. तिथे एका माणसाने अगदी माझंच दुखणं लिहिलं होतं — तेच गोठणं, तीच चौकट — वाचून डोळे भरून आले. खाली शंभर जण, माझंही असंच, माझंही असंच. आणि सगळ्यात शेवटी त्याच माणसाने लिहिलंय — झालं ठीक, सुटला प्रश्न, धन्यवाद. कसा सुटला ते नाही. असला माणूस समोर आला तर मी — नाही, काही करणार नाही, विचारीन फक्त.

आणि मग माझा स्वतःचा उपाय. हसू नका हं. ते गोठलं ना, की मी हलत नाही. अजिबात. पेन जिथे असेल तिथे, हात तसाच हवेत, श्वाससुद्धा धरून ठेवते. मला माहीत आहे त्याचा काही संबंध नाही, मी शिकलेली बाई आहे, पदवी आहे, फोटोसकट भिंतीवर आहे — पण एकदा मी अशी निश्चल बसले आणि ते शुद्धीवर आलं. दुसऱ्यांदा गुंडीने माझा कोपर ओढला, आई, आई, बघ ना म्हणून — आणि पडलंच बंद. दोन दिवसांचे केस गेले. केस म्हणजे चित्रातल्या बाईचे, एक एक ओढलेले. तेव्हापासून घरात नियमच केला. आई अशी बसली की हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. बिचारीने शिकून घेतलंय. हल्ली तर मी गोठले की ती लांब उभी राहून नुसती बघते. शहाणी आहे हो.

हे बघा, हेच ते मुखपृष्ठ. आईपण शिकवणारं पुस्तक आहे, नव्या आयांसाठी. ही आई, हे मूल, आई मुलाचं ऐकतेय. एवढंच. आता हे काढायला काय लागतं? पण संपादिकाबाई म्हणाल्या, ही आई दमलेली दिसते. मी दुसरी काढली. म्हणाल्या, ही जरा घाबरलेली वाटते. तिसरी म्हणे मनाने दुसरीकडेच आहे. आईचं संपूर्ण लक्ष मुलाकडे हवं, म्हणाल्या, वाचणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे. मी दिवसदिवस इथे बसून त्या लक्षावर काम करतेय, दादा. खालून गुंडी काहीतरी सांगत असते, मी म्हणते, थांब गं, आईला लक्ष काढू दे.

आणि पुस्तक वाचायला नको होतं मी. चित्रकाराने वाचू नये खरं तर. त्यात एक प्रकरण आहे — मूल एकटक बघत राहते तेव्हा. मी ते वाचलं, मिटलं, म्हटलं आपल्याला काय करायचंय. आणि काल शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या —

नाही, तुम्ही बघा ना तुमचं. मी बोलते म्हणून थांबू नका.

— म्हणाल्या, तुमची मुलगी खेळता खेळता मध्येच थांबते. हात वर असेल तर वरच. डोळे एका जागी. हाक मारली तरी उत्तर नाही. थोड्या वेळाने आपोआप हलते आणि जणू काही झालंच नाही. घाबरू नका, म्हणाल्या. घाबरू नका म्हटल्यावर माणूस किती घाबरतं ह्याचा कुणी अभ्यास केलाय का. मी हसले. हसून हो हो म्हटलं, हिला घेऊन घरी आले. रात्रभर तिच्या उशाशी पडून होते. झोपेत तर सगळीच मुलं हलत नाहीत, तर त्यात काय कळणार — तरी बघत होते. मी पंख्याची धूळ झटकत बसले उन्हाळाभर आणि इकडे पोटच्या पोरीला — आज संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय. हिच्या बाबांना सांगितलेलं नाही अजून, ते गावाला गेलेत कामानिमित्त. फोनवर सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू उगाच डोक्यात घेतेस. आणि उगाच नसलं तर?

मी पाहिलंय का? — हे बघा, हाच तर प्रश्न. फोनवरची ती बाईही म्हणाली, घरी होतं का असं, तुम्ही स्वतः पाहिलंय का. मी दिवसभर तिच्याबरोबर असते. ती इथे, मी इथे, मध्ये फक्त टेबलाची फळी. आणि मला सांगता आलं नाही. पाहिलं असेन. नसेनही. म्हटलं, बघून सांगते. तिने संध्याकाळची वेळ लिहून घेतली.

काय म्हणालात? नेहमी करते तसं करून दाखवू? हो, दाखवते की. पण तुम्ही आलात म्हणून मुद्दाम नाही गोठणार, बघा — दवाखान्यात गेलं की खोकला बरा होतो तसं. हा ब्रश घेते. हा कानामागचा केस. तिथे काय दाबताय — हां, लेयर. एकेका पारदर्शक कागदावर चित्राचा एकेक भाग, असं ना. इतके? हो, असतील. दिसत नाहीत कारण झाकून ठेवलेत. मी खोडत नाही काही, दादा. ती सवयच नाही मला. नापास झालेली आई पुसायची नाही, वर नवी काढायची. त्या सगळ्या खाली आहेत. ही दमलेली, ही घाबरलेली, ही — हिला तर मी चांगले दोन डोळे दिले होते, पण दारातून बाहेर बघत होते ते. मग ह्याच्याने जड होतं? दिसत नसूनही? सगळ्यांचं ओझं वाहतच असतं ते? — बघा. मला वाटायचं, झाकलं की संपलं.

काढून टाका म्हणता. म्हणजे पुसूनच. नको, थांबा जरा, एक दिवस — निदान दुसऱ्या फाइलमध्ये तरी ठेवू या त्यांना. मी काही भावुक वगैरे नाहीये. उद्या संपादिकाबाई म्हणायच्या, ती पहिलीच बरी होती.

आणि ते काय? ऑटोसेव्ह? ते बंद कुणी केलं — मीच. ते आपलं आपण जतन करायला लागलं की क्षणभर अडायचं, माझी रेघ वाकडी जायची. म्हटलं, मी करीन हाताने, आठवणीने. करते. जेव्हा आठवतं तेव्हा. म्हणून तर गोठलं की प्राण कंठाशी येतात, आतलं काहीच जतन झालेलं नसतं — म्हणून तर मी ओरडते, हलवू नका, सेव्ह नाही केलेलं. शेजारच्यांनाही पाठ झालंय. हा बघा, हा शेवटचा केस, इथून असा खाली —

हं.

झालं. बघितलंत? बाण बघा. हलू नका.

टेबलाला हात नका लावू.

...

गेलं. आली चौकट. अनपेक्षित कारणाने. — ठीक आहे. दाबलं, ठीक आहे. पण तुम्ही स्वतः पाहिलंत हे बरं झालं, नाहीतर कुणाला दाखवायला जावं तर शहाण्यासारखं चालतं. तुम्ही माझ्याकडे का बघताय असे? मी श्वास घेत नव्हते? सांगितलं ना तुम्हाला, ती माझी पद्धत आहे. इतकी वाईट दिसते का? डोळेसुद्धा? नाही, मला कसं कळणार, मी स्वतःला बाहेरून कधी पाहिलंय. 

बरं, करा मग तुम्हाला काय करायचं ते. त्या आया दुसरीकडे ठेवा, ते ऑटोसेव्ह चालू करा, गेली माझी रेघ वाकडी तर गेली. मी तोवर हिला — आज फार गप्प आहे. सकाळपासून बिस्किटांच्या डब्याचं झाकण मांडीवर घेऊन बसलीय, त्यावर माझं मोडकं पेन फिरवतेय. चित्रबित्र काही नाही, उमटणार कुठे त्यावर, नुसतीच फिरवते. आणि समोर तिची बाहुली, पालथी पडलेली. गुंडी, बाहुलीला उचल गं, किती वेळ झाला ती पडून आहे. गुंडी. ए गुंडी.

दादा.

दादा, ते राहू द्या. इकडे या, खाली वाका. बघा — हेच. हेच ते, बाई म्हणाल्या ते. हात बघा तिचा, हवेत आहे. पापणी नाही हलवत. श्वास — गुंडी, आई आहे इथे, इकडे बघ बाळा. वेळ बघा दादा, घड्याळ लावा, डॉक्टर विचारतील किती वेळ. माझा फोन कुठे आहे. नाही, फोन नको, आधी हिला बाहेर काढू. डोकं जपा, टेबलाची कड आहे. ये, माझ्याकडे ये, अशी, हात दे —

थांबा. ओठ हलले. तुम्ही पाहिलंत ना, हलले. काय म्हणालीस राणी? परत बोल. आई ऐकतेय. बघ, कुठेच नाही बघत, तुझ्याकडेच बघतेय. बोल.

"हलवू नको ना गं. सेव्ह नाही केलेलं."