हर्मीसचं उत्तर

चौकातल्या हर्मीसच्या मूर्तीच्या कानात फिलिन्ना पुटपुटली, "समुद्रावर गेलेला माझा नवरा परत येईल का, देवा?" मग रीतीप्रमाणे कान घट्ट दाबून ती बाजाराबाहेर आली. हात काढल्यावर पहिलं जे बोलणं कानी पडेल, तेच देवाचं उत्तर.

विहिरीवर दोघीजणी बोलत होत्या.

"आला का गं?"

"आला की! सकाळी दारातच उभा, नखशिखान्त ओला."

"मग घेतलास आत?"

"छे गं! अंग गारठलेलं, नजर कशी तरीच. आमचं कुत्रंसुद्धा भुंकेना, शेपूट घालून कोपऱ्यात बसलं."

"कोण आला?" फिलिन्नाने विचारलं.

"आमचा बोकड, बाई. नदीत पडला होता. तू का पांढरीफटक पडलीस?"

फिलिन्ना घरी पोचली, तेव्हा तिचा कुत्रा भुंकला नाही. तो अंगणाच्या कोपऱ्यात शेपूट घालून बसला होता, आणि उंबरठा ओला होता.